‘त्यांच्याकडे चालते!’ : मराठी घरांतील शिस्तीचा एक मागोवा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाच्या संस्थापकांविषयी, नाटकांविषयी आणि गणेशोत्सवाविषयी अधिकारी व्यक्ती लिहीतच आहेत. आम्ही त्या मानाने एक लहानसा विषय निवडला आहे. महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या मुलांच्या तोंडून एक वाक्य ऐकलेले आहे. मूल शेजारी स्नेह्यांच्या घरी खेळावयास जाते, दिवेलागणीनंतर परतते, आणि हातपाय धुवावयास सांगताच म्हणते, ‘त्यांच्याकडे चालते, मग आपल्याकडे का नाही?’ आईबाप या वाक्याने निरुत्तर होतात, क्वचित त्या स्नेह्यांवरच रुष्ट होतात. या वाक्यालाही एक इतिहास आहे आणि तो फार जुना नाही.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे वाक्य उच्चारलेच गेले नसते. कारण घराचे नियम हे त्या घराचे नव्हतेच. ते जातीचे, कुळाचे आणि पंगतीचे होते. ज्यांचे नियम वेगळे त्यांच्याशी स्नेह असे, पण तो ओसरीपर्यंत. माजघरात आणि स्वयंपाकघरात त्याला वाव नव्हता. मुंबईच्या परमहंस सभेत १८४९नंतर जी तरुण मंडळी गुप्तपणे जमत, त्यांना ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खाणे हे केवढे साहस वाटे! पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये नामांकित मंडळी चहाला गेली. त्यांची नावे वृत्तपत्रात छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि त्या एका पेल्यापायी पुढे न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषानेही प्रायश्चित्त घेतले. जेथे मोठ्यांच्या चहाची ही कथा, तेथे मुलांनी शेजारी काय खाल्ले याची चर्चा मित्रामित्रांत व्हावी कशी? ती चर्चा होण्यापूर्वीच दार बंद होत असे.

घराच्या आत मात्र सगळे एकमताचे होते असे समजण्याचे कारण नाही. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी पाहाव्यात. पतीने हौसेने इंग्रजी शिकवावे आणि वडीलधाऱ्या बायकांनी त्याच इंग्रजीसाठी दिवसभर टोचून बोलावे, अशा दोन राजवटी एकाच छपराखाली नांदत होत्या. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना हसू येते आणि त्या घरातील पोरांविषयी जीवही कळवळतो. अर्थात हा इतिहास ज्यांच्या आठवणी छापल्या गेल्या त्यांच्या घरांचा आहे. ज्यांना ओसरीवरही प्रवेश नव्हता त्यांच्या पोरांना कोणत्या घरी काय चालते हे फार लवकर आणि फार कठोरपणे कळत असे, हे विसरून चालणार नाही.

पुढे मुंबईची चाळ आली. १९२०नंतर सरकारने वरळी, नायगाव भागांत बांधलेल्या चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढ्याशा जागेत मुलांना ठेवावे कोठे? ती सज्जात, जिन्यात आणि शेजारच्या खोलीत वाढत. त्यामुळे शेजारच्या काकूंना त्यांचा कान पिरगळण्याचा अधिकार आपोआपच प्राप्त होई. ‘काकू’ हा शब्द नुसता मानाचा नव्हता, तो अधिकाराचाही होता. कान पिरगळला म्हणून घरी तक्रार केली, तर दुसराही कान पिरगळला जाण्याची शक्यता अधिक!

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मात्र एक विलक्षण गोष्ट घडली. १९३३ साली साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. पोहावयास जाण्याचे टाळणाऱ्या श्यामला त्याची आई मारते, हा त्यातील प्रसंग कोणाला आठवत नाही? त्या माराची वेदना वाचकाला जाणवते, पण राग येत नाही, कारण तो मार मायेतून उमटलेला आहे. मराठी घरांनी हे पुस्तक जवळजवळ धर्मग्रंथासारखे स्वीकारले. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि ती आई घरोघर पोहोचली.

त्याच दशकात दुसराही एक आवाज मराठीत येत होता, आणि तो आला गुजरातेतून. ताराबाई मोडक या मुंबईच्या प्रार्थनासमाजी घरातील कन्या. नोकरीनिमित्त राजकोटला आणि पुढे १९२३च्या सुमारास भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाईंनी १९२० साली तेथे बालमंदिर काढले होते. मुलाला भय दाखवू नये, मारू नये, लालूचही दाखवू नये. त्याला आपल्या हाताने करू द्यावे, हा त्या बालमंदिराचा कायदा. ताराबाईंनी हा विचार ‘शिक्षणपत्रिके’तून मराठी आईबापांपर्यंत आणला, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला, आणि नंतर बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघांच्या साहाय्याने तो आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत नेला. परप्रांतात वास्तव्य करून तेथील उत्तम ते मराठीत आणणारी ही बाई आपणां बृहन्महाराष्ट्रीयांना अधिक जवळची वाटावयास हवी. आमच्या मंडळांच्या व्याख्यानमालांतून तिचे नाव फारसे ऐकू येत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

तेव्हा एका दशकात मराठी घराला दोन आया मिळाल्या : एक मायेने मारणारी, दुसरी मायेने न मारणारी. दोघींचाही मुलावर जीव होता. त्यामुळेच तंटा अवघड झाला. सोवळ्याच्या काळी शेजाऱ्याला भ्रष्ट म्हणून मोकळे होता येई. आता स्नेही आपल्याच भाषेचा, आपल्याच कचेरीतला, आपल्याइतकाच मुलांवर प्रेम करणारा, आणि तरीही त्याच्या घरची रीत मात्र वेगळी!

या तंट्याचे खरे रणांगण म्हणजे दिल्लीतील केंद्र सरकारी वसाहती. स्वातंत्र्यानंतर विनयनगर, म्हणजे पुढचे सरोजिनीनगर, नेताजीनगर आणि त्यामागून रामकृष्णपुरम येथे एकसारख्या क्वार्टरांच्या रांगा उभ्या राहिल्या. भिंती सारख्या, खिडक्या सारख्या, भाड्याची कपातही हुद्द्यानुसार सारखी. फरक काय तो आत. आमचे बालपण अशाच एका रांगेत गेले. एका मराठी घरी आंघोळीशिवाय पाण्याचा घोटही नाही, तर दुसऱ्या घरी रविवारी दहापर्यंत लोळलेले चालत असे. एका घरी संध्याकाळी शुभंकरोती, परवचा आणि पावकी-निमकीचे पाढे. दुसऱ्या घरी त्याच वेळी कॅरम. कोठे पानात एक शीतही टाकावयाचे नाही, कोठे नको ते खुशाल बाजूला सारावे. कोठे अंडे चालत असे, कोठे ते शेजारी खाऊन आल्याचे कळताच चूळ भरावयास लावीत. पलीकडच्या पंजाबी आंटींकडे तर सगळेच चालत असे, पण त्यांचे कोणास वैषम्य वाटत नसे. ‘त्यांची रीतच निराळी’ असे म्हटले की संपले. वैषम्य वाटे ते मराठी घराचेच. ‘घरोघरी मातीच्या चुली’ असे आपण म्हणतो खरे. परंतु दुसऱ्याची चूल मातीची असूनही आपल्यासारखी का पेटत नाही, हा प्रश्न आपल्याला शांत बसू देत नाही.

मंडळाच्या एका सहलीत घडलेली गोष्ट जुन्या सभासदांना स्मरत असेल. एका स्नेह्यांच्या मुलाने लहान मुलीला ढकलले; दुसऱ्या घरच्या काकूंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. मुलाची आई शांतपणे म्हणाली, ‘वहिनी, आमच्याकडे मुलांवर हात उगारत नाहीत.’ काकू म्हणाल्या, ‘म्हणूनच तो ढकलतो.’ एवढेच. पण त्यानंतर दोन्ही घरांची दोन वर्षे हळदीकुंकवापुरतीसुद्धा ये-जा नव्हती. पुण्यात किंवा नागपुरात हा प्रसंग घडता, तर मध्ये पडावयास आत्या असती, मामा असता. आणि नाही मिटले तरी दुसरी दहा घरे होती. येथे त्या मुलाला मावशी, आत्या, काकू म्हणावयास जी तीनचार माणसे होती, त्यांतील एक कमी झाले. परमुलुखात स्नेहीच नात्यागोत्याचे काम करतात, म्हणून त्यांच्याशी झालेला अबोला मुलांना अधिक महाग पडतो. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा’ ही म्हण गावात विनोदाची असेल. क्वार्टरांच्या रांगेत ती फारशी विनोदाची नव्हती.

दूरदर्शनने या भांडणाचे स्वरूप काही काळ पालटले. दिल्लीत प्रक्षेपण १९५९ सालीच सुरू झाले होते, पण घरोघर संच आले ते १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या आगेमागे. तोवर ज्यांच्याकडे संच, त्यांच्याकडे रांगेतली सगळी पोरे. चपला कोठे काढाव्यात, सतरंजीवर कोणी कोठे बसावे, चित्रहार संपल्यावर कोणी निघावे, हे सारे यजमानीण ठरवी आणि कोणाचेही आईबाप हरकत घेत नसत. १९८७ साली ‘रामायण’ सुरू झाल्यावर तर आंघोळीचा प्रश्न रविवारपुरता आपोआप सुटला!

शासनानेही या क्षेत्रात अधूनमधून पाऊल टाकले आहे. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सबंध राज्यात सक्तीचे केले, तेव्हा मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंडाची तरतूद होती. भारताने १९९२ साली बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला, आणि २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतील छडी बंद केली. घरातील धपाट्याविषयी ते कलम काही बोलत नाही. शेजारच्या काकूंच्या धपाट्याविषयी तर नाहीच. तो प्रश्न आपल्यावरच राहिला.

२०१६ साली सरोजिनीनगर, नेताजीनगर आदी वसाहती पाडून नव्याने बांधण्याचा निर्णय झाला. आमच्या पिढीची बरीच घरे सोसायट्यांच्या इमारतींत गेली आहेत. तेथे शेजारचे मूल न सांगता घरात शिरत नाही. आधी फोन येतो. वादाचा विषय आता बहुधा हातातला मोबाईल असतो. एका घरी जेवताना तो वर्ज्य, दुसऱ्या घरी त्यावाचून घास उतरत नाही. आणि जी आई तो आपल्या घरी काढून घेते, तिने स्नेह्यांच्या मुलाच्या हातूनही काढून घ्यावा की नाही, याचे उत्तर कोणत्याच ‘शिक्षणपत्रिके’त नाही.

मंडळाच्या गेल्या बालमेळाव्यापूर्वी पालकांकडून एक तक्ता भरून घेतला. मूल काय खात नाही, औषध कोणते, मोबाईल किती वेळ, असे रकाने त्यात होते. स्वयंसेविकांनी आणखी एक रकाना सुचविला : मूल चुकल्यास रागावलेले चालेल काय? कार्यकारिणीने त्यावर तासभर खल केला. ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे, हे विचारावयाचे असते काय? तरुण पालकांचे म्हणणे, हेच आधी विचारावयास हवे. अखेर त्या वर्षापुरता तो रकाना वगळून तक्ता छापावयास दिला.