छावणीची शांतता

माझे बालपण बेळगावात गेले, आजोळ इंदूरचे, आणि थोरल्या बहिणीला दिली ती बडोद्याला. तिन्ही गावांची मराठी वेगळी, पोह्यांची चव वेगळी आणि बाजारात भाव करायची भाषा तर अगदीच वेगळी. पण एक साम्य लहानपणीच माझ्या लक्षात आले होते. बेळगावला कॅम्प, बडोद्यालाही कॅम्प, आणि इंदूरजवळ महूची छावणी. पुढे ग्वाल्हेरला गेलो तर तिथे मुरार, हैदराबादला गेलो तर सिकंदराबाद. सगळीकडे तेच रुंद सावलीचे रस्ते, तेच बैठे बंगले, तोच चर्चचा मनोरा. मूळ गावापासूनचे अंतरही तसेच मोजून राखलेले. फार दूर नाही, फार जवळ नाही.

एकदा सुटीत महूच्या रस्त्याने जाताना मी नानांना, म्हणजे आईच्या वडिलांना विचारले, "नाना, इंग्रजांनी ही फौज कोणाशी लढायला ठेवली होती?" नानांची सारी नोकरी होळकर सरकारच्या दप्तरात गेली होती. ते म्हणाले, "लढायला कसली रे! आपण कोणाशी लढू नये म्हणून. आणि कोणाशी बोलू नये म्हणून."

लढण्याचे कळले; बोलण्याचे कळले नाही. ते कळायला पुढे इतिहास शिकवण्याच्या व्यवसायात पडून जुने तह कलमवार वाचावे लागले. बलाढ्य सत्ता जगाची घडी बसवतात आणि त्या घडीला शांतता म्हणतात, हे आपण वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो. ती घडी कधी टिकते आणि कधी उसवते, या प्रश्नाचे उत्तर मला सापडले ते एका माणसाच्या चरित्रात. त्या माणसाने आपल्याकडेही शांतता केली आणि युरोपातही केली. त्याचे नाव आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

आर्थरचा थोरला भाऊ रिचर्ड वेलस्ली १७९८ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास आला. त्याच वर्षी त्याने निजामाशी तैनाती फौजेचा तह केला. या तहाची रीत साधी होती. फौज कंपनीची, खर्च संस्थानाचा, आणि परराष्ट्राशी बोलणे झालेच तर कंपनीच्या संमतीने. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरे बाजीराव पळून वसईला गेले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी तोच तह पत्करला. किमान सहा हजार पायदळ ठेवून घ्यायचे, त्यासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, निजामाशी आणि गायकवाडांशी असलेल्या तंट्यात कंपनीचा निवाडा मानायचा, आणि कंपनीशी विचारविनिमय केल्यावाचून कोणत्याही सत्तेशी वाटाघाट करायची नाही. १८०३ च्या मे महिन्यात आर्थर वेलस्लीनेच बाजीरावांना पुण्यास आणून पुन्हा गादीवर बसवले.

शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना हा तह मानवला नाही. २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई झाली, नोव्हेंबरात अडगावची, आणि डिसेंबरात गाविलगड पडला. देवगावच्या तहाने भोसल्यांचा कटक प्रांत आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला. सुर्जी अंजनगावच्या तहाने शिंद्यांचा गंगा-यमुनेचा दुआब गेला. दोन्ही तह आर्थर वेलस्लीने केले. तेव्हा तो पस्तिशीतही नव्हता.

आता याच माणसाच्या मागोमाग युरोपात जाऊ. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर सप्टेंबर १८१४ पासून व्हिएन्नात परिषद भरली. ऑस्ट्रिया, रशिया, प्रशिया आणि इंग्लंड हे विजयी चौघे. १८१५ च्या फेब्रुवारीत इंग्लंडचा परराष्ट्रमंत्री कॅसलरे मायदेशी परतला आणि त्याच्या जागी काही आठवडे वेलिंग्टन बसला. त्याच्या आधीच तिथे एक नवल घडून गेले होते. पराभूत फ्रान्सचा प्रतिनिधी तालेराँ केवळ हजर राहिला नव्हता, तर आत शिरला होता. पोलंड आणि सॅक्सनी यांवरून विजेत्यांत फूट पडली आणि ३ जानेवारी १८१५ रोजी इंग्लंड, ऑस्ट्रिया व फ्रान्स यांनी आपसांत गुप्त करार केला. पॅरिस पडून पुरते वर्षही झाले नव्हते, आणि चौघांचे पाच झाले होते.

त्यानंतर नेपोलियन एल्बाहून परतला, वॉटर्लू झाले, आणि नोव्हेंबर १८१५ मध्ये फ्रान्सवर अधिक कडक अटी लादल्या गेल्या. सत्तर कोटी फ्रँकांची खंडणी आणि दीड लाखाची परकी फौज, जास्तीत जास्त पाच वर्षे, तीही फ्रान्सच्या खर्चाने. तिचा सेनापती पुन्हा वेलिंग्टनच. म्हणजे तैनाती फौजच म्हणायची! पण तीनच वर्षांनी, १८१८ च्या शरदात, एक्स-ला-शापेल येथे पाचही सत्ता जमल्या, खंडणीचा हिशेब लागला, नोव्हेंबरअखेर फौज निघून गेली आणि फ्रान्सला बड्या राष्ट्रांच्या पंगतीत उघडपणे पाट मिळाला.

त्याच १८१८ साली आपल्याकडे काय चालले होते? ६ जानेवारीला मंदसोरचा तह झाला. महिदपूरला हरलेल्या, वयात न आलेल्या मल्हारराव होळकरांनी कबूल केले, की इंग्रज रेसिडेंटच्या माहितीवाचून आणि संमतीवाचून दुसऱ्या संस्थानाकडे वकील पाठवणार नाही, त्यांचे ठेवून घेणार नाही. वकील म्हणजे अर्थातच कोर्टातला नव्हे. दरबारादरबारांत बोलणी करणारा राजदूत. एप्रिलमध्ये मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला. जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले आणि आठ लाखांचा तनखा घेऊन ब्रह्मावर्तास गेले. त्याच वर्षी होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि महूची छावणी उभी राहिली. फ्रान्समधली फौज ज्या वर्षी उठली, त्याच वर्षी आमच्याकडची बसली, ती १९४७ पर्यंत.

नानांचे वाक्य मला कळले ते इथे. दोन्ही शांतता छावणीच्याच होत्या. फरक बोलण्याचा होता. व्हिएन्नाच्या तहात पराभूताला बोलणाऱ्यांत घेतले. मंदसोरच्या तहात पराभूतांचे आपसांतले बोलणे बंद केले.

हे बोलणे बंद होणे म्हणजे काय, ते साताऱ्याला विचारावे. छत्रपती प्रतापसिंहांना इंग्रजांनीच १८१८ मध्ये गादीवर बसवले, आणि सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्यांच्यावरही बाहेरच्या पत्रव्यवहाराची बंदी घातली. राजा विद्येचा भोक्ता, कारभारात दक्ष. पुढे त्यांच्यावर जे आरोप आले त्यांतला एक असा, की त्यांनी गोव्याच्या पोर्तुगीज सरकारशी संधान बांधले. पत्र लिहिणे हा गुन्हा! मुंबईचा गव्हर्नर कारनॅक याने सांगितले, की दोष कबूल करून सही द्या, राज्य राहील. महाराजांनी न केलेल्या गुन्ह्याची कबुली द्यायचे नाकारले. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठवले. तिथेच १८४७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे वकील रंगो बापूजी दाद मागायला थेट लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षे कंपनीच्या दारात बसले. पण साताऱ्याच्या बाजूने एखादे तरी संस्थान लंडनला दोन ओळी लिहील, अशी सोयच उरली नव्हती. ते लंडनात असतानाच १८४८ मध्ये सातारा खालसा झाले.

मग युरोपातले मुत्सद्दी उदार आणि हिंदुस्थानातले तेवढे दुष्ट, असे समजायचे का? माणूस तर एकच होता. व्हिएन्नात इंग्लंड एकट्याने घडी बसवू शकत नव्हते. रशियाला तोलायला ऑस्ट्रिया हवा होता आणि दोघांना तोलायला फ्रान्स हवा होता. समतोल होता म्हणून औदार्य परवडले. आपल्याकडे तोलायला दुसरे पारडेच नव्हते, आणि त्याचा दोष सर्वस्वी इंग्रजांच्या माथी मारता येत नाही. असईच्या वेळी होळकर बाजूला राहिले. १८०४ मध्ये होळकर लढायला उठले तेव्हा शिंदे तहाने जखडलेले होते. १८०५ मध्ये यशवंतराव मदत मागत पंजाबात रणजितसिंहांपर्यंत गेले आणि रिकाम्या हाती परतले. पेशवे आणि गायकवाड यांच्या हिशेबाची बोलणी करायला गंगाधरशास्त्री पुण्याला आले तेही इंग्रजांच्या हमीवर, आणि १८१५ च्या जुलैत पंढरपुरात त्यांचा खून झाला. एकमेकांशी बोलू नका, हे कलम इंग्रजांनी लिहिले खरे. पण आम्ही ते आधीपासूनच पाळत होतो.

त्या शांततेचा लाभ झालाच नाही, असेही मी म्हणणार नाही. माळव्यातल्या शेतकऱ्याला पेंढाऱ्यांच्या धाडीपासून सुटका मिळाली, ही लहान गोष्ट नव्हती. त्याच महूच्या छावणीत रामजी सुभेदार नोकरीस होते आणि १४ एप्रिल १८९१ रोजी तिथे भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला. ज्यांना गावात माणसासारखे बोलता येत नव्हते त्यांना पलटणीत अक्षरओळख झाली, हेही त्या छावणीच्या जमेस धरावे लागते. इतिहासाच्या वहीला दोन्ही बाजू असतात.

व्हिएन्नाच्या वहीलाही नावेची बाजू आहे. तिथेही बोलणारे पाचच होते. छोट्या राष्ट्रांचे प्रतिनिधी मेजवान्यांना आणि नृत्यांना असत. सर्वांची मिळून चर्चेची बैठक कधी भरलीच नाही. बेल्जियमच्या लोकांना न विचारता त्यांना हॉलंडला जोडले. पोलंड पुन्हा वाटून घेतला. गंमत अशी, की शिवण उसवली ती नेमकी तिथेच. १८३० मध्ये बेल्जियम फुटून निघाला आणि त्याच साली पोलंड पेटला. ज्यांना विचारले होते त्यांच्यात मात्र क्रिमियाच्या युद्धापर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, मोठे युद्ध झाले नाही.

१९१९ मध्ये विजेत्यांनी हा धडा विसरून दाखवला. व्हर्सायच्या वाटाघाटीत जर्मनीला बसवलेच नाही. तयार मसुदा हातात ठेवून सही मागितली. वीस वर्षांत दुसरे महायुद्ध आले. त्याला जागतिक मंदीसारखी इतरही कारणे होती, पण न विचारता करायला लावलेली ती सही हिटलरच्या प्रत्येक भाषणाला पुरली. त्याच तहावर हिंदुस्थानच्या वतीने बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांची सही आहे. ज्याला शेजारच्या संस्थानाशी स्वतंत्रपणे तह करता येत नव्हता, तो जगाच्या तहावर सही करत होता!

१९४५ नंतर अमेरिकेने जर्मनीत आणि जपानात छावण्या टाकल्या; त्या आजही आहेत. पण तिच्या पाठिंब्याने १९५१ मध्ये फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी कोळसा-पोलादाचा हिशेब करायला एका टेबलाशी बसले आणि त्यातूनच पुढे युरोपीय संघ उभा राहिला. सत्तर वर्षांत तीनदा लढलेले ते शेजारी त्यानंतर लढले नाहीत. उलट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत कायमचे सभासद १९४५ मध्ये पाच होते, आजही पाचच आहेत. सनदेवर सही करणारी राष्ट्रे एकावन्न होती. आता सभासद एकशे त्र्याण्णव आहेत. पाचांतल्या एकाने हात वर केला की बाकीच्यांचे बोलणे थांबते. ही व्यवस्था पाचांमध्ये आपसांत महायुद्ध होऊ न देण्यास उपयोगी पडली असेल. इतरांच्या अंगणातली युद्धे तिने थांबवलेली दिसत नाहीत.

नाना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. बेळगावात संध्याकाळी मी कॅम्पातून फिरून येतो. झाडे तीच आहेत, शांतही खूप वाटते. परतताना आमच्या गल्लीत शिरलो की कलकलाट सुरू होतो. वरच्या मजल्यावरचे कानडी बिऱ्हाड आणि खालचे मराठी बिऱ्हाड यांचे नळाच्या पाण्यावरून चाललेले असते. निम्मे या भाषेत, निम्मे त्या भाषेत. घरमालकाला मध्ये घालण्याचे दोघांच्याही मनात येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी दोघांनाही मिळालेले असते.