यंत्र, धूळ आणि कारागीर : स्टॅफर्डशायरच्या मृत्तिकापात्र उद्योगातील सुरक्षिततेचा इतिहास (१७२६ ते १९५०)

प्रस्तावना :
मातीकामाच्या कार्यशाळेत यंत्र आले की सुरक्षिततेचा विचार बहुधा पट्टा, दंतचक्र, तार आणि स्विच यांच्यापुरता मर्यादित राहतो. बोट अडकले किंवा विजेचा धक्का बसला तर अपघात तत्क्षणी दिसतो व त्याची नोंद होते. यंत्राने उडविलेली सूक्ष्म धूळ मात्र अनेक वर्षांनंतर फुप्फुस निकामी करते. त्या वेळी आजार आणि यंत्र यांचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात, आजच्या स्टोक-ऑन-ट्रेंट परिसरात, विकसित झालेल्या मृत्तिकापात्र उद्योगाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. कामगाराला सावधगिरीचा उपदेश केल्याने तेथील धोका फारसा कमी झाला नाही. कामाची पद्धत आणि पदार्थ बदलल्यावर तो कमी झाला, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पाण्यातील दळण :
अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पांढऱ्या भांड्यांना मागणी वाढली. मातीला शुभ्रता आणि बळकटी यावी म्हणून गारगोटी भट्टीत भाजून, तिची वस्त्रगाळ पूड करून मातीत मिसळली जाई. हे कुटणे कोरडे असल्याने कामगार अल्पावधीत दगावत. टॉमस बेन्सन याने १७२६ मध्ये गारगोटी पाण्यात दळण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळविले. कोरड्या पद्धतीने काम करणारा धडधाकट माणूसही दोन वर्षांपलीकडे तगणे कठीण, असा त्याच्या निवेदनाचा आशय होता. १७३२ च्या दुसऱ्या एकस्वात त्याने लोखंडाऐवजी दगडाचा वापर सुचविला, कारण लोखंडाच्या कणांमुळे भांड्याचा रंग बिघडत असे. पुढे जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने अशा पाणचक्क्या उभारल्या. चेडल्टन येथील गारगोटीची गिरणी आजही जतन केलेली आहे.

पाण्याने दळणाऱ्याला संरक्षण मिळाले. परंतु धोका पुढच्या टप्प्यांवर सरकला. चिनी मातीची भांडी भट्टीत वाकू नयेत म्हणून त्यांच्याभोवती गारगोटीची कोरडी पूड भरली जाई आणि भाजल्यानंतर ती घासून, झटकून काढावी लागे. तेथे धूळ पूर्वीसारखीच उडत राहिली.

वाफेची शक्ती आणि कायदा :
जोसाया वेजवुड याच्या एट्रुरिया कारखान्यात १७८० च्या दशकात वाफेचे इंजिन बसले. तरीही भांड्याला आकार देण्याचे काम दीर्घकाळ हातावरच चालले. १८४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बालकामगारविषयक चौकशी अहवालात चाक फिरविणाऱ्या आणि साचे घेऊन तापलेल्या वाळवणखोलीत धावणाऱ्या मुलांचे वर्णन आढळते. आकार देणाऱ्या यंत्राच्या भीतीने कामगार संघटनेने १८४४ मध्ये अमेरिकेत स्थलांतर घडविण्यासाठी संस्था स्थापन केली. येथे एक विरोधाभास जाणवतो : कारागिराला यंत्राची धास्ती होती ती रोजगारासाठी, आरोग्याचा प्रश्न त्या मानाने मागे राहिला.

कापडगिरण्यांतील यंत्रांना संरक्षक कुंपण घालण्याचे बंधन १८४४ च्या कारखाना कायद्याने आले. मृत्तिकापात्र उद्योग मात्र १८६४ मध्ये कारखाना कायद्याच्या कक्षेत आला. वेगाने फिरणाऱ्या चाकावर वाळलेली ताटली घासून गुळगुळीत करताना भरपूर धूळ उडे. या भागात वैद्यकीय सेवा करणारे डॉ. जे. टी. आर्लिज यांनी १८९२ च्या आपल्या ग्रंथात व्यवसायजन्य रोगांची सविस्तर चर्चा केली. शिशाच्या विषबाधेची नोंद १८९५ मध्ये सक्तीची झाली, १९१३ च्या नियमांनी धूळ खेचून घेणाऱ्या यंत्रणेवर भर दिला. निर्णायक पाऊल १९४७ मध्ये पडले. कच्च्या शिशाच्या झिलईवर आणि भांड्यांभोवती गारगोटीची पूड भरण्यावर बंदी आली. गारगोटीची जागा ॲल्युमिनाने घेतली. १९५० च्या नियमांनी स्वच्छता व संरक्षक कपडे यांची व्यवस्था अधिक काटेकोर केली. बेन्सनचा इशारा आणि ही बंदी यांत २२१ वर्षांचे अंतर आहे. धोका अज्ञात नव्हता. त्याच्या निवारणाची जबाबदारी कोणाची, हे ठरत नव्हते.

आजच्या कार्यशाळेचा संदर्भ :
भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमात यंत्रांचे कुंपण, धूळनिवारण आणि सिलिकोसिसची नोंद या तिन्ही बाबींचा समावेश होता. मात्र वीज वापरणाऱ्या ठिकाणी सर्वसाधारणपणे किमान १० कामगार ही अट होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती मर्यादा २० वर नेली. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या २०१८ मध्ये सुरू झालेल्या कुंभार सशक्तीकरण कार्यक्रमातून विजेची चाके अनेक घरांत पोहोचली. अशी घरे आणि महाविद्यालयांतील छोट्या कार्यशाळा बहुधा कारखान्याच्या व्याख्येत बसत नाहीत. तेथे निरीक्षक येत नाही. म्हणून जबाबदारी चालकावर आणि अध्यापकावर येते.

या जबाबदारीचे स्वरूप इतिहासानेच स्पष्ट केले आहे. भट्टीच्या फळीवरील झिलई ग्राइंडरने घासायची असल्यास डोळ्यांना चष्मा आणि सूक्ष्म कण अडविणारा श्वसनमुखवटा हवा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरेसा नाही. हे काम वर्गाबाहेर, शक्यतो धूळ खेचणाऱ्या व्यवस्थेसह करावे. भांडे ओलसर असतानाच तासावे. जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. माती मळण्याच्या यंत्रात हात घालू नये. ते मोकळे करण्यापूर्वी वीजजोडणी काढावी. चाकाला अर्थिंग आणि गळतीच्या वेळी वीज तोडणारे उपकरण असावे, कारण कुंभाराचे हात सदैव ओले असतात. ओढणी, पदर आणि मोकळे केस फिरत्या भागांपासून दूर ठेवावेत.

समारोप :
आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासावाटे जाणारी स्फटिकरूप सिलिका मानवास कर्करोगकारक ठरविली. बेन्सनने उपाय म्हणून पाणी निवडले होते; आजही तोच उपाय सर्वांत स्वस्त आहे. स्टॅफर्डशायरच्या इतिहासाचे सार असे की, सुरक्षितता ही कार्यशाळेच्या मांडणीत असावी लागते. केवळ भिंतीवरच्या सूचनाफलकाने ती साध्य होत नाही.