एअर रायफलचा छर्रा : निवडीचे निकष

जत्रेत फुगे फोडण्याची बंदूक एवढीच आपल्याकडे बहुतेकांची छर्ऱ्याशी ओळख असते. ब्रिटनच्या ग्रामीण भागात मात्र शिशाचा हाच छोटासा तुकडा पिकांची नासधूस करणारे ससे आणि रानकबुतरे मारण्यासाठी वापरला जातो. एअर रायफलची ताकद मर्यादित असल्याने या शिकारीत छर्ऱ्याच्या निवडीला विशेष महत्त्व आहे. निवड चुकली, तर प्राणी जागीच न मरता जखमी होतो आणि बिळात शिरून तासन्‌तास तडफडत राहतो. कमीत कमी वेदना देणारा मृत्यू ही तेथील शिकाऱ्याची पहिली जबाबदारी मानली जाते. छर्ऱ्याची पारखही याच कसोटीवर केली जाते.

कायद्याची चौकट

इंग्लंड व वेल्समध्ये 12 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 16 ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल प्रौढ व्यक्तीला परवान्याविना बाळगता येते. त्याहून शक्तिशाली रायफलसाठी बंदुकीचा परवाना लागतो. स्कॉटलंडमध्ये 31 डिसेंबर 2016 पासून कमी ताकदीच्या एअर रायफललाही प्रमाणपत्र आवश्यक झाले आहे. शिकारीसाठी जमीनमालकाची संमती हवीच. रानकबुतरांसारख्या पक्ष्यांच्या बाबतीत सरकारने जारी केलेल्या सर्वसाधारण परवान्याच्या अटीही पाळाव्या लागतात.

सोळा ज्यूल ही ऊर्जा काडतुसाच्या बंदुकीच्या तुलनेत अगदीच नगण्य आहे. एवढ्या बळावर सशाला तत्क्षणी मारायचे, तर छर्रा थेट मेंदूत बसावा लागतो. ही जागा जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी असते. नेम दोन बोटे चुकला, तर छर्रा कितीही उत्तम असला तरी उपयोग नाही.

डमरूचा आकार

आजचा प्रचलित छर्रा डमरूसारखा असतो. डोके भरीव, मध्यभागी निमुळती कंबर आणि मागे पोकळ, पातळ घेर. मागून हवेचा दाब आला की हा घेर फुलून नळीला घट्ट बसतो. हवा निसटत नाही आणि नळीतील आट्यांमुळे छर्ऱ्याला फिरकी मिळते. वजन पुढे आणि घेर मागे असल्याने उडताना तो सरळ राहतो. हा घेर चेपलेला असेल, तर छर्रा भरकटतो. म्हणूनच डबीतील प्रत्येक छर्रा नजरेखालून घालण्याची सवय अनुभवी नेमबाजांना असते.

डोक्याच्या घडणीवरून छर्ऱ्यांचे चार मुख्य प्रकार पडतात.

गोल डोक्याचा : हवेचा विरोध कमी होतो, वेग टिकतो आणि लांब अंतरावरही नेम राहतो. शिकारीसाठी सर्वाधिक पसंती याच प्रकाराला मिळते.

चपट्या डोक्याचा : कागदी लक्ष्यावर स्वच्छ गोल छिद्र पाडतो, त्यामुळे गुण मोजणे सोपे जाते. जवळून आघात चांगला करतो. मात्र वीस-पंचवीस मीटरच्या पुढे त्याची अचूकता झपाट्याने घसरते.

टोकदार : अधिक खोल शिरतो, असा त्याचा लौकिक आहे. परंतु टोक किंचित वाकले किंवा मध्यापासून सरकले, तरी मार्ग बदलतो. अचूकतेत तो सहसा गोल डोक्याच्या छर्ऱ्यामागे पडतो.

पोकळ डोक्याचा : आदळताच फुलावा आणि मोठी जखम करावी, हा त्याचा हेतू. त्यासाठी पुरेसा वेग लागतो. कमी ताकदीच्या रायफलमधून लांबवर गेलेला असा छर्रा फारसा फुलत नाही.

व्यास आणि वजन

सर्वाधिक खपाचे दोन व्यास म्हणजे .177 इंच (4.5 मिलिमीटर) आणि .22 इंच (5.5 मिलिमीटर). या दोहोंत श्रेष्ठ कोणता, हा ब्रिटिश नेमबाजांमधील जुना वाद आहे. मुळात दोहोंची ऊर्जा जवळपास सारखीच असते. 0.55 ग्रॅमचा लहान छर्रा सेकंदाला 238 मीटर वेगाने निघाला किंवा 1.03 ग्रॅमचा मोठा छर्रा 174 मीटर वेगाने निघाला, तरी ऊर्जा साडेपंधरा ज्यूलच्या आसपास भरते. फरक पडतो तो मार्गात. लहान छर्रा वेगवान असल्याने कमी खाली झुकतो. अंतराचा अंदाज चार-पाच मीटरने चुकला तरी नेम सावरला जातो. मोठा छर्रा अधिक झुकतो. मात्र तो रुंद असल्याने जखम मोठी करतो आणि थंडीत बधिर झालेल्या बोटांनाही तो हाताळणे सोपे जाते.

वजन निवडताना रायफलची जातही पाहावी लागते. स्प्रिंगच्या रायफलला साधारणतः हलके व मध्यम वजनाचे छर्रे मानवतात. अगदीच हलका छर्रा घातल्यास पुरेसा विरोध न मिळाल्याने दट्ट्या आदळतो आणि यंत्रणेची झीज होते. आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल जड छर्ऱ्याला बहुधा अधिक ऊर्जा देते. त्यामुळे एका छर्ऱ्याने मर्यादेत असलेली रायफल दुसऱ्या छर्ऱ्याने 12 फूट-पाउंडांची मर्यादा ओलांडू शकते आणि तिचा मालक नकळत कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो.

अंतिम निकाल नळीचा

एकाच कारखान्यातील, एकाच प्रकारच्या दोन रायफलींना वेगवेगळे छर्रे मानवतात. डबीवर 4.50, 4.51, 4.52 असे डोक्याचे व्यास छापलेले असतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा फरकही लक्ष्यावर दिसून येतो. म्हणून तीन-चार प्रकारांच्या डब्या आणून वारा नसलेल्या दिवशी, रायफलला टेका देऊन चाचणी घेतली जाते. छर्रा बदलल्यावर पहिले काही बार हिशेबात धरत नाहीत. त्यानंतर पाच-पाच बारांचे गट झाडून ज्याची छिद्रे सर्वांत जवळ पडतील, तो छर्रा त्या रायफलचा.

हीच चाचणी शिकारीचे अंतरही ठरवते. ज्या अंतरावर सर्व छर्रे नाण्याएवढ्या वर्तुळात पडत नाहीत, त्या अंतरावरून प्राण्यावर नेम धरू नये, असा संकेत आहे. चांगल्या नेमबाजासाठीही ही मर्यादा 30 मीटरच्या आसपास येते.

शिसे की अन्य धातू?

शिसे मऊ आणि जड असल्याने नळीत नीट बसते व वेग टिकवते. कथील किंवा जस्ताच्या मिश्रधातूचे छर्रे हलके असल्याने सुरुवातीला वेगवान असतात. पण तो वेग लवकर गमावतात आणि अनेक नळ्यांतून तितके अचूकही ठरत नाहीत. शिसे विषारी असल्याचे मात्र विसरता येत नाही. छर्रे हाताळल्यावर हात धुणे आणि शिकारीच्या मांसातील छर्ऱ्याभोवतालचा भाग काढून टाकणे आवश्यक असते.

आपल्याकडे फक्त कागदी लक्ष्य

भारतात हा विषय नेमबाजीपुरताच मर्यादित आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 आणि त्यातील 1991 च्या दुरुस्तीनंतर शिकारीला जवळपास संपूर्ण बंदी आहे. रानससा वा तितर मारणे हा गुन्हा आहेच. त्यांना जखमी करणे किंवा मारण्याचा प्रयत्न करणेही कायद्याने शिकारच ठरते. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटर व्यासाच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. तथापि, रायफलला मिळालेली ही सूट शिकारीची मुभा नव्हे. अरुणाचल प्रदेशात मार्च 2021 मध्ये एअरगन स्वेच्छेने सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली, ती पक्षी व लहान प्राण्यांची होणारी शिकार थांबवण्यासाठीच. त्या मोहिमेत दोन हजारांहून अधिक बंदुका जमा झाल्या.

महाराष्ट्रातील नेमबाजांना छर्ऱ्याची पारख वेगळ्या कारणासाठी करावी लागते. दहा मीटर एअर रायफल प्रकारात लक्ष्याच्या मध्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील याने 2022 मध्ये कैरो येथे याच प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले. येथे चपट्या डोक्याचा छर्रा वापरला जातो आणि अव्वल खेळाडू आपल्या नळीशी जुळणारा साठा चाचणी घेऊनच निवडतात. नव्याने नेमबाजीकडे वळणाऱ्यांनीही मोठी खरेदी करण्यापूर्वी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली दोन-तीन प्रकार आपल्या रायफलमधून झाडून पाहावेत, हे उत्तम.