तीनशे एकची कुळकथा

वेबसाइटचं नवं रूप तयार झालं, नवं डोमेन घेतलं, उद्घाटनाचा दिवस ठरला, की एसईओवाला एकच प्रश्न विचारतो: ‘थ्री-ओ-वन लावलेत ना?’ लावले नसतील, तर गूगलच्या पहिल्या पानावर दिसणारी साइट काही आठवड्यांत खाली घसरते, ग्राहकांच्या चौकशा आटतात आणि जुन्या पत्त्यांची यादी कुठे मिळेल म्हणून धावाधाव सुरू होते. ३०१ हे सर्व्हरने ब्राउझरला द्यायचं तीन आकडी उत्तर आहे: तुम्ही मागितलेलं पान कायमचं दुसरीकडे गेलंय, नवा पत्ता हा घ्या. बंद शटरवर ‘आमचे दुकान समोरच्या इमारतीत स्थलांतरित झाले आहे’ अशी पाटी असते, तितकंच त्याचं काम. आज धंदेवाले या पाटीला जिवापाड जपतात. पण ती पहिल्यांदा लिहिली गेली तेव्हा गूगल नव्हतं, रँकिंग नव्हतं आणि वेबवर दुकानंही नव्हती.

तीन आकड्यांत उत्तर देण्याची रीत वेबच्या आधीची. फाइली पाठवण्याच्या एफटीपीत ती १९७०च्या दशकातच रुळली होती. पहिला आकडा दोन असला की काम झालं, चार असला की सध्या अडलंय, पाच असला की होणारच नाही. तीन म्हणजे अधलंमधलं: आतापर्यंत ठीक, पण अजून काही करावं लागेल. ऑगस्ट १९८२मध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेलच्या देवाणघेवाणीचे नियम लिहिले, त्यात दोन उत्तरं शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. २५१चा अर्थ: हा माणूस इथे राहत नाही, पण पत्र मी पुढे पोचवतो. ५५१चा अर्थ: हा माणूस इथे राहत नाही, पत्ता अमुक, तुम्हीच तिकडे पाठवा. वेबच्या ३०१चा तोंडवळा या दुसऱ्या उत्तराचा आहे. जुना सर्व्हर पान आणून देत नाही. पत्ता सांगतो आणि हात झटकतो. पुढची पायपीट विचारणाऱ्याने करायची.

मुळात अशा उत्तराची गरज का पडली, हे टिम बर्नर्स-ली यांच्या एका निर्णयात दडलेलं आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनकेंद्रात १९८९मध्ये त्यांनी वेबचा प्रस्ताव मांडला, तेव्हा हायपरटेक्स्टच्या जगात लिंक दोन्ही बाजूंनी जोडलेली असावी, असं मानणारे बरेच होते. ऑस्ट्रियात ग्राझ इथे हेर्मान माउरर यांच्या गटाने उभारलेल्या हायपर-जीमध्ये लिंकांची वेगळी नोंदवही असे. पान हललं तर त्याच्याकडे बोट दाखवणारे कोण आहेत, हे यंत्रणेला ठाऊक असायचं. बर्नर्स-ली यांनी ही नोंदवही ठेवलीच नाही. कुणीही कुणाच्याही पानाकडे लिंक द्यावी, परवानगी नको, कळवायला नको. वेब जगभर पसरलं ते या बेफिकिरीमुळे. तिची किंमत अशी, की तुमच्या पानाचा पत्ता किती ठिकाणी लिहून ठेवलाय, हे तुम्हाला कधीच कळत नाही. पान हलवलं तर कळवणार कुणाला?

१९९१च्या पहिल्या एचटीटीपीत, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या देवाणघेवाणीच्या नियमांत, तर पान हलल्याचं सांगायची सोयच नव्हती. विनंती एका ओळीची आणि उत्तर म्हणजे सरळ पान. पान सापडलं नाही तर तेही एका पानावर वाक्यात लिहून यायचं. माणसाला ते वाचून समजे. यंत्राला मात्र खरं पान कुठलं आणि ‘सापडलं नाही’ म्हणणारं पान कुठलं, यातला फरक कळायला मार्ग नव्हता.

१९९२च्या मसुद्यात तीन आकडी उत्तरं आली आणि त्यांत ३०१ होता. त्याच्यासोबतची टीप मला या कथेतली सर्वांत गमतीदार गोष्ट वाटते. ही तशी नुसती सोय आहे, पण व्यवहार पाहता घ्यावी लागते, असा तिचा सूर. आणि पुढे अपेक्षा अशी, की ज्या ब्राउझरमध्ये लिंका दुरुस्त करता येतात त्यांनी नवा पत्ता कळताच आपल्याकडची लिंक आपोआप बदलून टाकावी. बर्नर्स-ली यांचा नेक्स्ट संगणकावरचा पहिला ब्राउझर पानं दाखवायचा तशीच लिहायचाही, म्हणून ही अपेक्षा. म्हणजे ‘कायमचं स्थलांतर’ सांगणारी ही पाटी स्वतः मात्र चार दिवसांचीच असणार होती. वाचणारे आपापल्या वह्यांतले पत्ते सुधारतील आणि पाटीचं काम संपेल. झालं उलटंच. १९९३मध्ये मोझेक आला, पाठोपाठ नेटस्केप. लोकांनी उचलले ते नुसते वाचायचे ब्राउझर. चुकीची लिंक चुकीचीच राहिली आणि पाटीला कायमची नोकरी लागली. मे १९९६मध्ये एचटीटीपी १.० कागदावर आलं तेव्हा ३०१ ‘कायमचं हललं’ आणि ३०२ ‘तात्पुरतं हललं’ अशी जोडी पक्की झाली.

पाटी लावण्याची तळमळ त्या काळात मुख्यतः ग्रंथपालांना होती. अमेरिकेतल्या ओसीएलसी या ग्रंथालयांच्या संस्थेने १९९५मध्ये ‘पर्ल’ नावाची व्यवस्था सुरू केली: ग्रंथसूचीत एक न बदलणारा पत्ता छापायचा आणि त्यावर येणाऱ्याला रीडायरेक्टने पान सध्या जिथे असेल तिथे पाठवायचं. तंत्रज्ञांकडेही अवजार आलं. राल्फ एंगेलशाल यांनी १९९६मध्ये अपाची सर्व्हरसाठी मॉड-रीराइट लिहिलं. नियमांच्या चार ओळींत हजारो पत्ते वळवता येऊ लागले. (त्या ओळी वाचून अर्थ लावणं हे आजही अनेकांच्या दृष्टीने चेटूक आहे.) सोय होती, अवजार होतं, तरी बहुतेकांनी पाटी लावली नाही. वाचणारा अडतो, आपलं काय जातं? १९९८मध्ये बर्नर्स-ली यांनी वैतागून एक निबंधच लिहिला, की चांगला पत्ता तोच जो बदलत नाही. पत्त्यात लेखकाचं नाव, फाइलचा प्रकार, पानाचा दर्जा असलं उद्या बदलणारं काही घालू नका. निबंध गाजला. साइटवाल्यांच्या सवयी मात्र बदलल्या नाहीत.

त्याच वर्षी गूगल कंपनीची नोंदणी झाली. स्टॅनफर्डमध्ये १९९६पासून लॅरी पेज यांचं ‘बॅकरब’ नावाचं काम चालू होतं: संपूर्ण वेब पिंजून काढायचं आणि कोण कुणाकडे बोट दाखवतंय, याची उलटी यादी करायची. बर्नर्स-ली यांनी वगळलेली नोंदवही पेज यांनी बाहेरून भरून काढली, असं म्हणता येईल. सर्गेई ब्रिन यांच्यासह त्यांनी पेजरँक मांडला आणि पत्त्याचा अर्थच पालटला. वजनदार पानांनी ज्याच्याकडे लिंक दिली त्याची पत वाढली, आणि ही पत पानातल्या मजकुराइतकीच त्याच्या पत्त्याच्या खात्यावर साचली. पत्ता बदलला की खातं शून्यावर. ३०१ लावला तर शिल्लक नव्या खात्यात वळती. जे ग्रंथपालांच्या विनवण्यांनी आणि वेबच्या जनकाच्या निबंधाने साधलं नाही, ते रँकिंग जाण्याच्या भीतीने काही वर्षांत साधलं. साइट हलवताना पाटी लावणं हा रिवाज झाला तो शिष्टाचार म्हणून नव्हे, हावेपोटी. आणि वाचकाच्या दृष्टीने मला त्यात काही वावगं दिसत नाही.

हाव आली की तर्कवितर्क आले. पाटीवरून पत नेताना वाटेत किती सांडते, यावर धंद्यात वर्षानुवर्षं वाद चालला. पेजरँकच्या मूळ लेखात ०.८५ हा गुणक आहे: लिंकांमागून लिंका उघडणारा माणूस कधीतरी कंटाळतो, हे हिशेबात धरायला घातलेला. त्यावरून ‘३०१मध्ये पंधरा टक्के गळती’ ही म्हण पडली. गूगलचे मॅट कट्स २०१०मध्ये म्हणाले, थोडी गळती होते. २०१३मध्ये म्हणाले, साध्या लिंकमध्ये होते तितकीच. २०१६मध्ये गूगलच्याच गॅरी इलिस यांनी जाहीर केलं, आता होतच नाही. पंधरा टक्के मात्र अजून कानावर येतात.

लबाडीही आली, ती धाकट्या भावाच्या वाटेने. ३०२ म्हणजे तात्पुरतं, तेव्हा शोधयंत्राने पहिलाच पत्ता खरा धरावा, हे तर्काला धरून होतं. मग एखादा उपटसुंभ आपल्या साइटवरचा पत्ता ३०२ने तुमच्या पानाकडे वळवायचा आणि यादीत तुमचा मजकूर त्याच्या पत्त्यावर झळकायचा. २००४-०५च्या सुमारास या अपहरणांनी साइटवाल्यांची झोप उडवली होती.

सर्वांत मोठं स्थलांतर पुढे गूगलनेच घडवलं. ऑगस्ट २०१४मध्ये त्याने सांगितलं, की सुरक्षित एचटीटीपीएसवर असणं रँकिंगमध्ये थोडं जमेस धरू. यंत्राच्या लेखी त्या एका ‘एस’ने पत्ता वेगळा होतो. डिसेंबर २०१५मध्ये एचटीटीपीएससाठी लागणारी लेट्स एन्क्रिप्टची फुकट प्रमाणपत्रं सर्वांना खुली झाली आणि वेबवरची पानंच्या पानं एकेका ३०१वरून पलीकडे गेली. वाचकाला याचा पत्ताही लागला नाही.

आज साइट हलवायची म्हणजे मुख्य काम कंटाळवाणं आणि कारकुनी. जुने सगळे पत्ते एका एक्सेलमध्ये, प्रत्येकासमोर नवा. कुठलं पान मेलं, कुठली दोन एकत्र झाली, हे माणसानेच बसून ठरवायचं. आधीच्या स्थलांतरांच्या पाट्याही मोजायच्या, कारण जुन्यावरून मधल्यावर, मधल्यावरून नव्यावर अशी साखळी लांबली तर गूगलचा क्रॉलर दहा टप्प्यांनंतर नाद सोडतो. हे टाळायला आळशी माणूस सगळे जुने पत्ते होमपेजवर ढकलतो. गूगल अशा पाटीला सहसा पान गायब झालं असंच समजतं, आणि बरोबर समजतं. रेसिपी शोधत आलेल्याला हॉटेलच्या दारात उभं करून काय साधलं? खुद्द जगातल्या पहिल्या वेबपानाची हीच गत झाली होती. सर्नवरचा त्याचा पत्ता कित्येक वर्षं नुसता मुखपृष्ठाकडे वळवलेला होता. २०१३मध्ये सर्नने १९९२ची प्रत मिळवून मूळ पत्त्यावर परत ठेवली.

मराठी साइटवाल्याची कटकट आणखी वेगळी. नव्वदीच्या अखेरीस आणि नंतरही काही वर्षं मराठी वृत्तपत्रांच्या साइट आपापल्या फाँटवर चालत. डोळ्याला मराठी दिसे, शोधयंत्राला रोमन अक्षरांचा कचरा. तेव्हा मराठी शब्दांवरचं रँकिंग जपायचा प्रश्नच नव्हता, कारण ते नव्हतंच. युनिकोडनंतर ते आलं आणि पत्तेही देवनागरीत आले. सर्व्हरपर्यंत पोचताना मात्र ‘क’ हे एक अक्षर टक्केचिन्हांसकट नऊ चिन्हांचं होतं. शीर्षकात ‘दऱ्या’ असेल तर आणखी गोम: तो ‘ऱ’ युनिकोडमध्ये एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि ‘र’खाली नुक्ता देऊनही. डोळ्याला दोन्ही सारखे, सर्व्हरला दोन वेगळे पत्ते. एक्सेलमध्ये एक उतरला आणि लोकांनी लिंक दुसऱ्याला दिली असेल, तर पाटी आहे आणि माणूस तरी हरवला. आमच्याकडच्या अनेक डेव्हलपरांना याची कल्पना नसते, कारण ते शीर्षकं रोमनमध्ये करून मोकळे होतात.

हावेच्या जोरावर टिकलेल्या रिवाजाला हावेचीच मुदत लागते. गूगलचा सल्ला आहे, की रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा. तेवढ्यात सगळी पत वळती होते. वाचकांसाठी कायम ठेवलं तर उत्तम, असंही तो सांगतो, पण ऐकणारा ‘वर्षभर’ तेवढं ऐकतो. मग पाटी निघते आणि लोकांच्या पुस्तकांत, निकालपत्रांत छापलेले पत्ते तसेच राहतात. हार्वर्डमधल्या अभ्यासकांना अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतले निम्मे पत्ते मूळ मजकुरापर्यंत न पोचणारे आढळले. प्यू रिसर्च सेंटरने २०२४मध्ये तपासलं, तेव्हा २०१३मधली ३८ टक्के पानं दहा वर्षांत नाहीशी झालेली निघाली.

पाटी काढल्यावर पुष्कळदा जुन्या डोमेनचं भाडंही थकतं. ते विकत घ्यायला माणसं टपलेली असतात. शाळेचं, संस्थेचं, बंद पडलेल्या मासिकाचं डोमेन घ्यायचं आणि तिथून ३०१ लावून सगळी पत आपल्या कर्जाच्या नाहीतर जुगाराच्या साइटवर वळवायची. मार्च २०२४मध्ये गूगलने मुदत संपलेल्या डोमेनांचा गैरवापर स्पॅममध्ये धरला. लिलाव थांबलेले नाहीत, आणि तिथे डोमेनची बोली वाढते ती अजून कितीजण त्या पत्त्याकडे बोट दाखवतात यावर.