ग्रामपंचायतीने आमदाराकडे नेमकं काय मागायचं? जतच्या पाणीप्रश्नातून समजून घ्या

नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातलं जत अचानक देशभरातल्या बातम्यांमध्ये आलं. जत तालुक्यातल्या ४० ग्रामपंचायतींनी कर्नाटकात सामील होण्याचा ठराव केला आहे आणि आपण त्याचा विचार करतोय, असं कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई म्हणाले. त्यावर, हा ठराव २०१२ मधला आहे, आता कुठल्याही गावाने नवा ठराव केलेला नाही, असं उत्तर तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलं.

वाद सीमेचा दिसत असला, तरी गावांची मागणी पाण्याची होती. गावाच्या हातात नसलेली गोष्ट राज्याकडून कशी मिळवायची, हा त्यामागचा खरा प्रश्न.

ठरावाने राज्य बदलता येतं का?

नाही. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम ३ नुसार फक्त संसदेला आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचा २००४ पासूनचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हणजे २०१२ च्या ठरावांना कायदेशीर वजन नव्हतं. तो निषेध होता आणि निषेध म्हणून तो गाजला.

मग पाण्याचं काम पुढे कसं सरकलं?

म्हैसाळ योजनेत मिरज तालुक्यातल्या म्हैसाळजवळ कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने दुष्काळी भागाकडे नेलं जातं. जतच्या पूर्व भागातली गावं मात्र मूळ योजनेच्या लाभाबाहेर राहिली. त्यांना पाणी द्यायचं, तर आधी कुठल्या वाट्यातून द्यायचं हे ठरवावं लागतं, कारण कृष्णेच्या पाण्याचं वाटप लवादाने आखून दिलंय.

२०२१ मध्ये जयंत पाटील जलसंपदा मंत्री असताना वारणेच्या वाट्यातलं ६ टीएमसी पाणी जतसाठी उपलब्ध करण्याचा निर्णय झाला. बोम्मईंच्या वक्तव्यानंतर राज्य सरकारने ४८ गावांसाठी सुमारे २ हजार कोटींच्या विस्तारित म्हैसाळ योजनेला गती देत असल्याचं जाहीर केलं.

या क्रमाकडे नीट पाहा. आधी पाण्याचा वाटा, मग आराखडा आणि अंदाजपत्रक, मग प्रशासकीय मान्यता, निधी आणि निविदा. गावाचा संताप फाईलला वेग देऊ शकतो, पण फाईलच नसेल तर वेग कशाला देणार?

आमदाराकडे काय न्यायचं आणि काय नाही?

सोपी कसोटी अशी: जे काम ग्रामपंचायत, पंचायत समिती किंवा जिल्हा परिषद स्वतःच्या अधिकारात करू शकते, ते यादीच्या वर ठेवू नका.

* गावातच होणारी कामं: गटार, नळदुरुस्ती, कचरा. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामीण संस्थांच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी राखीव होती. अशी कामं ग्रामपंचायत विकास आराखड्यात बसवायची.
* आमदार निधीतली कामं: सभागृह, छोटा रस्ता, व्यायामशाळा. २०२२ पासून प्रत्येक आमदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो. आमदार काम सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. शंभरावर गावांच्या जत तालुक्यात या रकमेतून एका गावाच्या वाट्याला किती येणार, याचा हिशेब आपणच करावा.
* जिल्हा नियोजन समितीची कामं: पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या या समितीतून जिल्हा वार्षिक योजनेचा निधी ठरतो. शाळाखोल्या, आरोग्य उपकेंद्रं, जोडरस्ते इथे मांडता येतात.
* फक्त राज्य सरकारच करू शकेल अशी कामं: उपसा सिंचन योजना, शिक्षकांची मंजूर पदं आणि भरती, तालुक्याचं विभाजन. आमदाराची खरी ताकद इथे लागते.

जतच्या यादीत काय वर असायला हवं?

पहिलं पाणी. त्यातही ‘पाणी द्या’ एवढं पुरेसं नाही. आपलं गाव योजनेच्या लाभक्षेत्रात आहे का, बंदिस्त वाहिनी कुठपर्यंत आली, कोणता तलाव भरणार, हे विचारायला हवं. योजना सुरू झाल्यावर वीजबिलाचा प्रश्न येतो. म्हैसाळसारख्या योजनांत ८१ टक्के बिल सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी भरायचं असं सूत्र आहे.

दुसरं, कन्नड माध्यमाच्या शाळा. सीमेवरच्या अनेक घरांत कन्नड बोलली जाते आणि जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळाही आहेत. तिथे त्याच माध्यमाचा शिक्षक हवा. पदमंजुरी आणि भरतीचे नियम राज्य ठरवतं, म्हणून ही मागणी विधानसभेतली आहे.

तिसरं, कार्यालयांचं अंतर. तालुका इतका पसरलेला आहे की संखला अप्पर तहसील कार्यालय द्यावं लागलं. तालुक्याच्या विभाजनाची मागणीही जुनी आहे. त्यासाठी राज्य सरकारचीच अधिसूचना लागते.

विधानसभेत मागणी कशी पोहोचते?

आमदाराकडे बरीच आयुधं असतात. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. तातडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना देता येते. खात्याच्या मागण्यांवर बोलताना कपात सूचना मांडता येते.

वेळही महत्त्वाची. अर्थसंकल्पी अधिवेशन साधारण मार्चच्या आसपास होतं. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन गेलात, तर विषय पुढच्या अधिवेशनावर जाऊ शकतो. दुष्काळी गावात ते म्हणजे आणखी एक टँकरचा उन्हाळा.

निवेदनात काय असावं?

१. ग्रामसभेचा ठराव, क्रमांक आणि तारखेसह. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ग्रामसभेचे ठरलेले दिवस.
२. एकच मुख्य मागणी. वीस मागण्यांच्या पत्रातून नेमका कशाचा पाठपुरावा करायचा, हेच ठरत नाही.
३. काम कोणत्या खात्याचं आणि फाईल आज कोणत्या टेबलावर आहे.
४. गावाची आकडेवारी: टँकरच्या खेपा, कोरड्या विहिरी, रिक्त पदं.
५. शेजारच्या गावांचे तसेच ठराव. एका गावाची तक्रार बाजूला ठेवता येते, चाळीस गावांची ठेवता येत नाही.

हे शेवटचं जतने २०१२ मध्येच दाखवून दिलं. चाळीस गावांनी एकत्र ठराव केला, म्हणून दहा वर्षांनीही तो दोन राज्यांच्या सरकारांना विसरता आला नाही. तुमच्या गावात पुढच्या ग्रामसभेला गेलात, तर एवढंच विचारा: आपली पहिली मागणी कोणती, आणि तिची फाईल कुठे आहे?