तांबड्या थराची साक्ष
आजोबा औसा तालुक्यात विहिरी खोदायचे. काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मध्येच वीतभर तांबडा थर आणि खाली पुन्हा काळा पाषाण, हा क्रम त्यांना पाठ होता. तांबडं एका अंगाला जितकं खोल, तितकंच समोरच्या अंगाला निघालं पाहिजे. नाही निघालं तर जमीन कधीतरी हललेली आहे, असं ते म्हणत. पुढं नांदेडला भूगोल शिकवताना मला उमगलं, की भेग वाचायची पहिली रीत हीच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर साचत गेला. मधल्या काळात तयार झालेली माती वरच्या लाव्हानं भाजून तांबडी झाली.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक निजले होते. उन्हाळ्यात गारवा देणारी माळवदाची मातीच अंगावर आली. सुमारे 8 हजार माणसं गेली, त्यात माझ्या आजोळची चौघं होती.

किल्लारीच्या शिवारात जमीन फुटून एक बाजू दुसरीवर चढली होती. तिथं चर खणून शास्त्रज्ञ आजोबांचाच प्रश्न विचारू लागले. भेग जुनी असेल तर दर भूकंपाची सरक साठत जाते, आणि दोन्ही अंगांच्या थरांमधलं अंतर एका धक्क्याच्या मानानं पुष्कळ भरायला हवं. लिओनार्दो सीबर आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये विचारलं, ही भेग नवीनच तर नाही? सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी मात्र जुन्या हादऱ्यांचा माग काढला. तेरणा नदीच्या काठी वसलेल्या तेरला, म्हणजे सातवाहनांच्या काळातल्या तगर नगरात, पुरातत्त्वीय थर विस्कटलेले होते. त्यांत त्यांना सुमारे 1500 वर्षांपूर्वीचा भूकंप दिसला.

मला ही वाट जवळची वाटते, कारण कातळ आपली सरक सांगतो, तिची तारीख सांगत नाही. मडक्याचं खापर काळ सांगतं. पण तेरचा हादरा किल्लारीच्याच भेगेचा होता, हे काही खापर सांगत नाही. हा वाद विद्वानांपुरता नाही. भेग नवी असेल तर मराठवाड्यात कुठल्याच शिवाराला निर्धास्त राहता येणार नाही.

जमीन आडवी सरकते तिथं काम आणखी अवघड. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपात तसंच झालं. सपाट थर बाजूला सरकले तरी तांबडं दोन्हीकडं त्याच खोलीवर राहतं. आजोबांचा नियम तिथं चालत नाही. मग सरकलेला एखादा ओढा नाहीतर उभी दगडी भिंत शोधावी लागते. त्यात आपली काळी माती दर उन्हाळ्यात भेगाळते, पावसात मिटते, वरून नांगर फिरतो. खूण टिकणार कशी?

10 जुलै 2024 ला सकाळी हिंगोलीकडचा 4.5 चा धक्का नांदेडात आमच्या घरी जाणवला. भाच्याच्या शेतात तेव्हा विहिरीचं काम चालू होतं. बांधकाम चढवण्याआधी दोन दिवस थांब, म्हणून त्याला विनवलं. दोराला धरून खाली उतरलो, चारही अंगांना टेप लावला. पूर्वेला तांबडं 17 फुटांवर, पश्चिमेला 17 फूट 2 इंचांवर. वहीत उतरवून घेतलं, मग गवंडी कामाला लागले.