वेगळी कपबशी



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटातल्या एका ताईंचा नवरा वारला आणि गावात कुजबुज सुरू झाली. पुढच्या बैठकीत चहा आला, तेव्हा आम्ही त्यांची कपबशी वेगळी ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तसं झालं. त्यांनी शेळीसाठी कर्ज मागितलं, तर "फेडणार कशा?" असं मनात म्हणत आम्ही गप्प बसलो. नंतर ताई बैठकीला आल्याच नाहीत.

ही भीती आपल्यात आली कुठून? त्यासाठी थोडं मागे जाऊ या.

१९८६ साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी रक्त तपासून आपल्या देशातली एचआयव्हीची पहिली लागण शोधली. तेव्हा आपल्याकडे त्यावर औषध नव्हतं, नुसती भीती होती.

आपल्या शेजारच्या गोव्यात १९८९ साली काय झालं, ते ऐका. डॉमिनिक डिसोझा हे रक्तदान करणारे तरुण. त्यांच्या रक्तात एचआयव्ही सापडला. गुन्हा काहीच नाही, तरी पोलिसांनी त्यांना नेलं आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस पहाऱ्यात ठेवलं. तिथल्या कायद्यातच तशी तरतूद होती. त्यांच्या आई लुसी डिसोझा उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने वेगळं ठेवण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. पण डॉमिनिक लपून राहिले नाहीत. १९९२ साली त्यांनी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सुरू केली, लोकांना माहिती द्यायला आणि लागण झालेल्यांना आधार द्यायला. त्याच वर्षी मे महिन्यात ते गेले. संस्थेचं काम पुढे चालू राहिलं.

मैत्रिणींनो, त्यांच्यासाठी पहारा होता, आमच्या ताईंसाठी कपबशी होती. भीती तीच.

पण काळ बदलला. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. आज रोज वेळेवर गोळी घेणारं माणूस कामधंदा करतं, संसार करतं. गरोदर बाईने वेळेत तपासणी करून औषध घेतलं, तर बाळाला लागण होण्याचा धोका खूपच कमी होतो. एकत्र जेवल्याने, एका कपात चहा प्याल्याने, हात धरल्याने एचआयव्ही होत नाही.

२०१७ साली कायदाही झाला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला. नोकरीत, शाळेत, दवाखान्यात किंवा भाड्याचं घर देताना भेदभाव करायला त्यात बंदी आहे. कुणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. काही विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि समुपदेशन मोफत मिळतं.

हे सगळं एका प्रशिक्षणात कळलं, तेव्हा आम्हाला आमचीच लाज वाटली. आम्ही पाचजणी ताईंच्या घरी गेलो, चुकलं म्हणालो. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग उठून त्यांनी चहा टाकला. आम्ही सगळ्यांनी घेतला.

पुढच्या बैठकीत शेळीचं कर्ज मंजूर केलं. ताईंना काय आजार आहे किंवा नाही, हे आम्ही आजवर विचारलेलं नाही. हप्ता मात्र दर महिन्याला वेळेवर येतो.